उपटलं तरी परत येतं: अंगणातलं गाजर गवत, घाणेरी आणि सुबाभूळ

जूनमध्ये स्वच्छ केलेलं अंगण गणपतीपर्यंत पुन्हा पांढऱ्या फुलांनी भरतं. घाणेरी बुडख्यापासून तोडली, तर दोन महिन्यांत त्याच जागी आठ-दहा नवे फुटवे दिसतात. सुबाभळीचं खोड कापून त्यावर मीठ किंवा रॉकेल ओतलं, तरी कडेने पालवी येते. तक्रार एकसारखी वाटली तरी ही झाडं परत येतात ती वेगवेगळ्या वाटांनी. गाजर गवत मातीत पडून राहिलेल्या बियांतून येतं. घाणेरी जमिनीलगतच्या बुडख्यातून फुटते. सुबाभूळ खुंटातूनही येते आणि बियांतूनही. घरोघरी लावलेला वेडेलिया, म्हणजे जमिनीलगत पसरणारी पिवळ्या फुलांची वेल, हाताच्या बोटाएवढ्या तुकड्यातून पसरतो. जी वाट उघडी राहिली, तिथूनच पुढच्या वर्षी त्रास सुरू होतो.

आधी एक रोप अख्खं उकरून बघा

पावसानंतर वापसा आला, म्हणजे माती ओलसर असूनही हाताला चिकटेनाशी झाली, की खुरप्याने तीन-चार रोपं मुळासकट काढा आणि तळ बघा. एकच बारीक, पांढरट सोटमूळ असेल तर रोप बियांतून उगवलं आहे. फुटवा लाकडासारख्या जाड बुडख्याला चिकटलेला असेल तर ते मागच्या वेळी अर्धवट तोडलेलं झाड आहे. आडव्या कांडीच्या पेरापेराला मुळं सुटलेली असतील तर तो वेडेलियासारखा सरपटणारा प्रकार. आणि तळाशी काळसर, नखाने खरवडल्यावर सुवास येणारी गाठ असेल तर तो लव्हाळा. लव्हाळ्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण बाकीच्यांना चालणारे उपाय त्याला उलटे पडतात.

गाजर गवत: बियांचा साठा संपवणं हेच खरं काम

काँग्रेस गवत, चटक चांदणी ही याचीच नावं. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं. १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्यात ते ठळकपणे नोंदवलं गेलं आणि तिथून पुढे देशभर झालेला फैलाव सर्वांसमोर आहे. एक जोमदार झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देऊ शकतं. बी बारीक, काळं, हलकं असतं. ते पाण्याबरोबर, चपलेच्या चिखलाबरोबर, गाडीच्या टायरबरोबर जातं आणि मातीत काही वर्षं जिवंत राहतं. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात. सगळं वेळापत्रक या आकड्यावर बसवायचं: अंगणातली कोणतीही जागा तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस न बघता सोडायची नाही.

रोप लहान असताना पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात. पान गाजराच्या पानासारखं कातरलेलं, फिकट राखाडी-हिरवं, मऊ लव असलेलं, पण चुरडल्यावर गाजराचा वास येत नाही. झेंडूच्या रोपाशी गल्लत होते. झेंडूचं पान चुरडलं की उग्र वास लगेच येतो, आणि त्याची रोपं जमिनीला चिकटून न पसरता सरळ वर वाढतात.

आता नेहमी काय चुकतं ते.

पहिली चूक म्हणजे विळ्याने किंवा गवत कापायच्या यंत्राने कापणं. वरचा भाग गेला की बुडातून चार-पाच फांद्या फुटतात आणि फुलं गुडघ्याऐवजी घोट्याच्या उंचीवर येतात. ती दिसत नाहीत म्हणून राहून जातात. हे झाड उपटायलाच हवं, आणि तेही ओल्या मातीतून. कोरड्या काळ्या मातीत ओढलं की खोड वरच्या वर तुटतं. पाऊस नसेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा.

दुसरी चूक, फुलं आल्यावर उपटून झाडं तिथेच वाळत टाकणं. वरून सुकलेल्या झाडावरचं तयार बी तिथेच झडतं. फुलं असलेली झाडं उपटण्याआधी शेंड्यावर पिशवी चढवा, मग खालून ओढा.

तिसरी चूक कष्टाळू माणसांकडून होते. तण काढल्यावर जमीन फूटभर खणून उलटी केली जाते. खोल गाडलेलं बी उगवू शकत नाही; ते उगवतं वरच्या दोन इंचांतून. खणलं की जुनं, झोपलेलं बी वर येतं आणि पुढच्या पावसात हिरवा गालिचा उठतो. उपटून झाल्यावर माती हलवू नका. झाडं लावायची असतील तर तेवढाच खड्डा घ्या.

चौथं कारण घराबाहेरून येतं: शेणखत, पोयटा माती, बांधकामाची रेती, नर्सरीच्या पिशव्या. उघड्यावर पडलेल्या शेणखताच्या ढिगावर गाजर गवत वाढतं आणि बी त्यातच मिसळतं. खत ट्रॉलीभर घेण्याआधी दोन किलो आणा, पसरट ट्रेमध्ये दोन इंच थर द्या, ओलं ठेवा आणि पंधरा दिवस बघा. कातरलेल्या पानांची रोपं दिसली तर ते खत घेऊ नका. नर्सरीच्या पिशवीतल्या मातीचा वरचा अर्धा इंच खरवडून काढण्याची सवय लावा.

मिठाच्या पाण्याची फवारणी अजूनही सर्रास सुचवली जाते. त्याने पानं करपतात हे खरं आहे, पण मिठातला सोडियम मातीतच राहतो. काळ्या मातीत निचरा आणखी बिघडतो, वर कडक पापुद्रा धरतो, आणि शेजारच्या कढीपत्त्याचीही पानं कडेने जळू लागतात. तिथे नंतर काही लावायचं असेल तर मीठ नको. घरातलं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं असतं; दोन-तीन पानांच्या रोपांना ते चालतं, मोठं झाड मात्र खालून पुन्हा फुटतं. फरशीच्या आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींत उकळतं पाणी सर्वांत सोपं: फटीच्या एका फुटाला सुमारे अर्धा लिटर, अगदी जवळून, आठवड्याच्या अंतराने दोनदा. तणनाशक टाळण्याचं साधं कारणही इथेच येतं. ते उगवलेलं झाड मारतं, मातीतल्या बियांच्या साठ्याला हात लावत नाही. म्हणून दरवर्षी नव्याने मारावं लागतं.

साठा कमी करण्याचे दोन खात्रीचे मार्ग आहेत, आणि दोन्ही पावसाळ्याआधी करायचे असतात.

एक, बी मुद्दाम उगवून घेणं. मेच्या सुरुवातीला वाफा सपाट करून चांगला भिजवा आणि रोज थोडं पाणी देत वरचा इंचभर थर ओला ठेवा. दहा-बारा दिवसांत रोपं दिसतील. ती दोन पानांची असतानाच खुरपं आडवं धरून वरवर, अर्धा-पाऊण इंचावर, खरवडा. दुपारच्या उन्हात ती तासाभरात मरतात. पुन्हा भिजवा, पुन्हा खरवडा. पाऊस लागेपर्यंत अशा दोन-तीन फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत रोपं कमी दिसली पाहिजेत. कमी होत नसतील तर खरवडताना खुरपं खोल जातंय, नाहीतर बाहेरून बी येतंय.

दोन, उन्हाने माती तापवणं. एप्रिल-मेमध्ये, सबंध दिवस ऊन असलेल्या जागीच. १० बाय १० फुटांच्या वाफ्याला ३५० ते ४०० लिटर पाणी द्या, म्हणजे सहा इंच माती भिजेल. ढेकळं फोडून पृष्ठभाग सपाट करा आणि २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद, १२ बाय १२ फुटांचा, मातीला चिकटेल असा अंथरा. चारही कडा सहा इंच खोल चरात गाडा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात चार आठवडे पुरतात, कोकणात आणि ढगाळ भागात सहा धरा. हे फसतं ते चार कारणांनी: कागद काळा घेतला (काळा स्वतः तापतो, माती कमी तापवतो), माती कोरडी होती, कडेने हवा जात होती, किंवा मांजर-कुत्र्यांनी पाडलेली भोकं चिकटवली नाहीत. कागद काढल्यावर दोन इंचांपेक्षा खोल खणायचं नाही. उन्हाने वरचा थर साफ केला, खालचा नाही. मोठ्या झाडाच्या सावलीत हा उपाय करू नका, तिथे माती तापत नाही. ऊन पोचलं तरी झाडाची वरची मुळं भाजतात.

उपटलेल्या गवताचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. फूल नसेल तर त्याचं कंपोस्ट चांगलं होतं. ढीग किमान तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच हवा, नाहीतर तो तापत नाही. सहा इंच हिरवं, दोन-तीन इंच सुका पाला, वर शेणकाला, असे थर. पंधरा दिवसांनी उलथा. पूर्ण कुजल्याशिवाय वापरू नका, कारण ताज्या गाजर गवतातली द्रव्यं कोवळ्या रोपांची वाढ रोखतात. ते आच्छादन म्हणूनही वाफ्यावर टाकायचं नाही. फुलं-बिया असलेला माल ओला करून जाड पिशवीत घट्ट बांधा आणि उन्हाळ्यात महिना-दीड महिना कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा दोन फुटांपेक्षा खोल खड्ड्यात पुरा, आणि ती जागा पुन्हा उकरू नका. जाळू नका, गुरांपुढे टाकू नका. गाईच्या पोटात गेलं तर दूध कडवट होतं.

अंगाला खाज, पुरळ, शिंका, दमा हे सगळे त्रास या झाडाने होतात आणि ते प्रत्येक संपर्काबरोबर वाढत जाऊ शकतात. पहिल्या वर्षी काही झालं नाही म्हणून तिसऱ्या वर्षी उघड्या हातांनी करू नका. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट, नाकावर मास्क. पराग उडण्याआधी, म्हणजे फुलण्यापूर्वीच काम उरकलं तर निम्मा त्रास टळतो. कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. घरात कुणाला दमा असेल किंवा आधी पुरळ आलं असेल तर त्या व्यक्तीने हे काम अजिबात करू नये. पुरळ टिकून राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

घाणेरी: किती खोल तोडता यावर सगळं अवलंबून

टणटणी किंवा घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झाड म्हणून आली आणि तिथून रानोमाळ गेली. कुंपणाला लावलेली रंगीत फुलांची घाणेरी दहा वर्षांत गाडीच्या वाटेवर येते. ती वरून छाटणं म्हणजे तिला दाट करणं. जाळली तरी बुडख्यातून फुटते.

नवे फुटवे निघतात ते खोड आणि मूळ जिथे जोडलेलं असतं त्या टप्प्यातून. त्याखालचं मूळ सहसा फुटत नाही. म्हणून सगळं मूळ खणून काढायची गरज नाही, फक्त हा टप्पा काढायचा. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रुजवली आणि वनविभागांनी ती अनेक ठिकाणी वापरली आहे. अंगणात ती अशी करा: एकाने काठीने फांद्या बाजूला रेटून धराव्यात, दुसऱ्याने बुडाभोवती कुदळीने तीन-चार इंच माती ओढावी. सोटमूळ दिसलं की जमिनीच्या मूळ पातळीपासून दोन इंच खाली कुदळीच्या किंवा पहारीच्या घावाने ते तोडा. मग झुडूप उलटं, म्हणजे बुडखा वर आणि शेंडे खाली, ठेवून वाळू द्या. आडवं पडलेलं झुडूप ओल्या मातीला टेकलं की पुन्हा मुळं धरतं. म्हणूनच उलटं ठेवायचं.

तरीही फुटवे आले तर दोनच शक्यता: घाव वर बसला, किंवा बुडखे एकापेक्षा जास्त होते आणि एखादा राहिला. त्या जागेवर पुन्हा माती ओढा आणि खालून तोडा. फुटवा नुसता ओढला तर तो हातात येतो आणि बुडखा राहतो.

वेळ महत्त्वाची आहे. फळं काळी व्हायच्या आत काम करा, नाहीतर ओढताना शेकडो फळं खाली पडतात. त्यानंतर दोन वर्षं तारेखाली, कुंपणाच्या खांबांखाली, झाडांखाली बघत राहा. बुलबुल फळं खातात आणि बसायच्या जागी बी टाकतात, त्यामुळे नवी रोपं सरळ रेषेत, तारेखालोखाल उगवलेली दिसतात. ती वीतभर असताना दोन बोटांनी निघतात. शेळ्या-गुरांना घाणेरी घालू नका, तिने यकृताला इजा होते. कच्ची हिरवी फळं मुलांसाठीही विषारी आहेत, हे घरात सांगून ठेवा.

सुबाभूळ

चारा आणि सरपणासाठी सुबाभूळ महाराष्ट्रात १९७०-८० च्या दशकांत मोठ्या प्रमाणात लावली गेली, आणि त्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. अंगणात मात्र एकच झाड शेंगांनी भरलं की पुढची दहा-पंधरा वर्षं रोपं येत राहतात, कारण बियांचं कवच कडक असतं.

रोप फूटभर असेपर्यंतच पहिल्या जोरदार पावसानंतर उपटा. त्यानंतर सोटमूळ खोल जातं आणि हाताला दाद देत नाही. मोठं झाड तोडायचं तर शेंगा हिरव्या असताना, जमिनीला टेकून करवतीने कापा. फूटभर खुंट ठेवला की त्याच्या सबंध उंचीवर डोळे फुटतात. कापल्यावर खुंटाभोवती चार इंच माती काढून साल सोलून घ्या, जाड काळा कागद किंवा जुनी ताडपत्री दुहेरी करून दीड फूट बाहेरपर्यंत झाका, वर दगड-माती टाका. हे झाकण किमान एक वर्ष हलवू नका. झाकणं शक्य नसेल तर दर पंधरा-वीस दिवसांनी फुटवे खुडा. सारखी पालवी गमावून मुळातला साठा संपतो, पण मध्ये दोन महिने विसरलात तर सगळं पहिल्यापासून. सुबाभळीचा पाला नत्राने भरलेला असतो, तो शेंगा काढून आंब्या-पेरूच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका.

थोडक्यात बाकीचे

वेडेलिया चटईसारखा एका कडेकडून गुंडाळत काढा. विळ्याने कापायची नाही. जितके तुकडे, तितकी रोपं. निघालेला माल ताडपत्रीवरच कडकडीत वाळवा. महिनाभर दर आठवड्याला राहिलेली पेरं वेचा.

रस्त्याकडेला पसरलेला केशरी-पिवळा कॉसमॉस सुंदर दिसतो आणि लोक तो सोनकी समजून राखतात. सोनकी आपली डोंगरातली, हा मेक्सिकोकडचा. बी सुकण्याआधी उपटला की दोन हंगामांत आटोक्यात येतो.

कोकण-गोव्यात रानमोडी (हेही परदेशी झुडूपच) असेल तर पावसाळ्यातच बुडख्यासकट काढा. तिचं बी हिवाळ्यानंतर वाऱ्यावर उडतं, आणि उन्हाळ्यातली वाळलेली रानमोडी घराशेजारी असणं वणव्याच्या दृष्टीने धोक्याचं.

लव्हाळा परदेशी नाही, पण आच्छादन किंवा खणाई करताना तो चिघळतो. खणलं की गाठींची माळ तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. कागदाच्या आच्छादनातून त्याची टोकं आरपार येतात. एकच मार्ग: नवी पानं दिसल्यापासून दर दहा-बारा दिवसांनी, तीन आठवड्यांत नव्या गाठी धरायच्या आत, जमिनीलगत काढत राहणं आणि वर ताग किंवा चवळीची दाट सावली करणं. एका हंगामात संपणार नाही, दोन धरा.

मोकळी जमीन ठेवली तर सगळं फुकट

साफ केलेल्या जागेवर आठवड्याच्या आत काहीतरी हवं. तात्पुरतं हवं असेल तर वर्तमानपत्राचे सहा-आठ थर एकमेकांवर सहा इंच चढवून अंथरा, भिजवा, वर तीन-चार इंच पाचट, पेंढा किंवा सुका पाला. सप्टेंबरपर्यंत तो दबून इंचभर होतो, तेव्हा पुन्हा भर घाला. भिंतीपासून दोन फूट आणि खोडापासून तीन इंच सोडा, वाळवीचा त्रास त्यामुळेच टळतो.

कायमचं हवं असेल तर दाट पेरणी करा. १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम ताग फोकून दिला की महिनाभरात जमीन झाकते. फुलोऱ्यावर आल्यावर कापून तिथेच पसरवा. कंपाऊंडच्या कडेला झेंडू किंवा टाकळा. टाकळ्याचं बी शेंगा वाळल्यावर, दिवाळीनंतर गोळा करा, पेरण्याआधी उकळून उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, आणि पहिल्या पावसाआधी दाट टाका. तो गाजर गवताच्या बरोबरीने उगवतो आणि त्याच्यावर सावली धरतो. कोवळी पानं भाजीला.

शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर

तुमचं अंगण स्वच्छ, पण भिंतीपलीकडे कमरेएवढं गाजर गवत, ही स्थिती शहरांत सगळ्यात जास्त आढळते. तिथे गाजर गवताची पानं खाणारा मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा, कामाला येतो. तो १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला आणि तपासणीनंतर सोडण्यात आला. साधारण सहा मिलिमीटरचा, मळकट पांढऱ्या पंखांवर तपकिरी वळसेदार रेघा, अळ्या पिवळसर. पानं जाळीसारखी खाल्लेली दिसली तर तो आधीच आहे, फवारणी करून मारू नका. नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या खाल्लेल्या झाडांवरून पहाटे, तो सुस्त असताना, भोकं पाडलेल्या बाटलीत गोळा करता येतो. कृषी विद्यापीठांकडे आणि जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडेही चौकशी करता येते. पन्नास-शंभर भुंग्यांनी फरक दिसत नाही. एका जागी पाचशे ते हजार सोडा, पाऊस उघडलेला असताना, फुलण्याआधीच्या कोवळ्या झाडांवर. पहिल्या वर्षी परिणाम तुरळक असतो. हिवाळ्यात ते मातीत शिरून झोपतात आणि पुढच्या पावसात तिथूनच वर येतात, म्हणून सोडलेल्या जागेवर जेसीबी फिरवू देऊ नका. आणि तुमच्या बाजूने भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी तपासा. सांडपाणी किंवा मोरीचं पाणी त्या पट्ट्यात सुटत असेल तर ही तपासणी बारा महिने लागेल, कारण ओल असेल तिथे गाजर गवत पावसाची वाट बघत नाही.